गणिताच्या पुस्तकाला पास-नापास कोण करतं?

जून २०१९. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि महाराष्ट्रातली मोठी माणसं चक्क दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावर तावातावाने बोलत होती. बालभारतीच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन दिलं होतं. व्हॉट्सअॅपवर विनोद फिरले, विधानसभेत तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही कोटी झाली. गणिताच्या पुस्तकावर इतक्या जणांनी एकदम मत दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. ज्यांच्यासाठी ते छापलं होतं ते वाचक मात्र सात वर्षांचे होते, आणि त्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित केलेल्या आणि ‘गणितगप्पा’सारखी पुस्तकं लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणतीस आणखी तिरपागडं: कानाला तीस ऐकू येतं, कागदावर मात्र तीन कुठेच नसतो. त्र्याण्णव, सत्त्याण्णव यांतली जोडाक्षरं ज्या मुलाला अजून वाचता येत नाहीत, त्याला ती संख्याच अवघड वाटू लागते. कन्नड, तेलुगूत दशक आधी येतो. शिकवताना मराठीतही तसं करून पाहू, जुनी नावं आहेतच.

आक्षेप घेणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. मंडईत पंचवीस रुपयेच म्हणतात आणि मुलाला आज ना उद्या तेच ऐकायचं असतं. पण बऱ्याच जणांचा राग गणितापर्यंत पोचलाच नाही. अठ्ठेचाळीस सहज तोंडात बसलं, की ते बसवताना काय झटापट झाली होती हे माणूस पार विसरतो. गणिताच्या पुस्तकांवरच्या मतांची खरी अडचण इथेच आहे. कादंबरी आवडली की नाही हे कुणीही सांगावं; गणित समजलेल्या माणसाला मात्र न समजणं आठवत नाही.

म्हणूनच तज्ज्ञ आणि नवखे यांचे निकाल इतके वेगळे लागतात. एरिक टेंपल बेल यांचं गणितज्ञांच्या चरित्रांचं ‘मेन ऑफ मॅथेमॅटिक्स’ १९३७ साली आलं. इतिहासकारांनी त्याला कधीच मोकळं सोडलं नाही. गणितज्ञ एव्हारिस्त गॅल्वाने द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री आपला सिद्धांत घाईघाईने कागदावर उतरवला, ही त्यातली कहाणी किती रंगवलेली आहे, हे टोनी रॉथमन यांनी १९८२ साली पुराव्यांनिशी दाखवलं. गॅल्वाचं बरंचसं काम आधीच लिहून झालेलं होतं. टीका रास्त आहे. पण पुढे गणितज्ञ झालेल्या जॉन नॅशने शाळकरी वयात हेच पुस्तक वाचून फर्माचं एक प्रमेय स्वतः सिद्ध करून पाहिलं. नावात ‘पुरुष’ असलेल्या या पुस्तकाने ज्युलिया रॉबिन्सन यांना गणिताकडे ओढलं, आणि पुढे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. बेलना मी तरी काठावर पास करेन.

हाच न्याय १९६५ च्या ‘वैदिक गणिता’ला लावावा का? भारती कृष्ण तीर्थांच्या या पुस्तकावर कितीतरी पालक आजही खूश आहेत. त्यातली सूत्रं वेदवाङ्मयात सापडत नाहीत आणि ते बरंचसं आकडेमोडीच्या क्लृप्त्यांपलीकडे जात नाही, असं श्री. गो. दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी स्पष्ट लिहिलं आहे. बेल वाचून मूल पुढचं पुस्तक मागतं; इथे गुणाकार झटपट झाला की काम संपतं. मला हा फरक मोठा वाटतो.

गॉडफ्रे हार्डी यांच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ची (१९४०) गंमत वेगळी. आपल्या गणिताचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही, हे त्यात अभिमानाने सांगितलं आहे. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन त्यावर लुब्ध झाले, तर नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी ‘नेचर’मध्ये त्याची सालटी काढली. लॅन्सलॉट हॉगबेन यांचं ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ सामान्य वाचकांनी उचलून धरलं होतं. हार्डींनी मात्र त्यातलं गणित खरं मानलंच नाही.

या सगळ्यांत न समजणं विसरला नाही असा लेखक म्हणजे मार्टिन गार्डनर. शिकला तत्त्वज्ञान, आणि पाव शतक ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये गणिताचं सदर चालवलं. आपल्याला विषय समजायलाच वेळ लागतो, म्हणून तो समजावता येतो, असं तो म्हणे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय कापरेकर यांची जगाला ओळख झाली ती मार्च १९७५ मधल्या त्याच्या सदरातून. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. आपलं २०१९च घ्या: ९०८१, ९६२१, ८३५२, ६१७४. इथल्या विद्वानांपैकी कितीतरी जणांना हा पोरखेळ वाटला होता.

१९७५च्याच जुलैमध्ये गार्डनरने लिहिलं की, बहिर्वक्र पंचकोनी फरशीने फट न ठेवता जमीन भरायचे प्रकार आठच, यादी पूर्ण. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड जेम्स या वाचकाने आणखी एक प्रकार काढून धाडला आणि डिसेंबरच्या सदरात तो छापून आला. सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस यांनी हे वाचलं. गणित शाळेपुरतंच, पाच मुलांचा संसार. अंक यायचा तो मुलाच्या वर्गणीचा. रूढ चिन्हं ठाऊक नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची बनवली, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढत बसल्या. कुणी आलं की कागद झाकायचे, कारण समजावत कोण बसणार! त्यांनी गार्डनरला पाठवलेली आकृती त्याने डोरिस शॅटश्नायडर या गणिताच्या प्राध्यापिकेकडे दिली, आणि ती बरोबर निघाली. १९७७ संपेपर्यंत राइस यांच्या नावावर चार नवे प्रकार होते. यादी खरोखर पूर्ण झाली ती २०१७ साली, मिखाएल राओ यांनी संगणकाच्या मदतीने दिलेल्या सिद्धतेमुळे. एकूण प्रकार पंधरा.