इनामगावचे जळके धान्य

महाराष्ट्रातील एखाद्या गावाच्या शेतीची हकीकत शोधीत मागे मागे जाणाऱ्या अभ्यासकाला पेशवाईपर्यंत फारशी अडचण पडत नाही. कारण कोणत्या मौज्याची किती जमीन जिरायत आणि किती बागायत, कोणते शेत मोटस्थळ आणि कोणते पाटस्थळ, कोणाकडे किती बाकी थकली आणि दुष्काळाच्या साली किती सूट पडली, याचा तपशील मोडी कागदांच्या रुमालांत बांधलेला सापडतो. त्यामागे यादव-शिलाहारांचे ताम्रपट आणि शिलालेख आहेत, त्यांच्याही मागे सातवाहनकालीन लेण्यांतील दानलेख आहेत, आणि तेथे अक्षराची सोबत संपते. परंतु त्यापूर्वी दीड-दोन हजार वर्षे याच काळ्या मातीत माणसे पेरीत होती, कापणी करीत होती, कणग्या भरीत होती आणि अवर्षणाने हवालदिल होत होती. त्यांच्या शेतीचे एकच दप्तर आज आपल्या हाती आहे, आणि ते जळून कोळसा झालेल्या धान्याच्या दाण्यांचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर १९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खननास आरंभ केला आणि डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झेड. डी. अन्सारी यांनी ते काम १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चालविले. त्यातून शंभराहून अधिक घरांचे अवशेष, दोनशेहून अधिक दफने, रंगीत भांडी, चुली, धान्याची पेवे आणि नदीचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाट उजेडात आला. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीच्या लोकांनी वसविलेले हे गाव पुढे जोर्वे संस्कृतीच्या पहिल्या, म्हणजे पूर्व-जोर्वे, काळात भरभराटले आणि तिच्या अखेरच्या, म्हणजे उत्तर-जोर्वे, काळात क्षीण होत इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ओस पडले, असा काळाचा साधारण आडाखा उत्खनकांनी बांधला. अशा दीर्घ आणि सलग उत्खननाचे उदाहरण दख्खनमध्ये दुसरे क्वचितच सापडेल. परंतु माझ्या मते त्या कामाचे खरे मोल, तेथील मातीतून निघालेले दाणे डॉ. मुकुंद काजळे यांनी एकेक करून ओळखले, त्यात आहे.

धान्य मातीत पडले म्हणजे ते एक तर रुजते, नाही तर किडीच्या आणि बुरशीच्या मुखी पडते. आपल्या उष्ण आणि पावसाळी हवेत ते तीन हजार वर्षे टिकण्याची आशा नाही. मात्र चुलीशेजारी सांडलेला, भाजताना करपलेला किंवा घराला आग लागली असता कणगीच्या तळाशी कोंडलेला दाणा, पुरेशी हवा न मिळता साधारणपणे २०० ते ४०० अंश सेल्सियस उष्णतेत सापडला, तर त्याची राख न होता त्याचा कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही आणि बुरशी चढत नाही. दाणा थोडा फुगतो, लांबीने आखडतो, पण त्याची खाच, त्याचा अंकुरकोश आणि सालीवरील नक्षी शाबूत राहते. ज्या आगीने एखाद्या गृहिणीचे नुकसान केले, तिनेच तिच्या संसाराची नोंद आपल्यासाठी जतन केली. तांब्याच्या सान्निध्यातही असेच घडते, कारण त्याचे क्षार कुजणे थांबवितात. नेवासे येथील एका दफनातील तांब्याच्या मण्यांत कापूस व रेशीम यांचा दोरा आणि घोड नदीच्याच काठावरील चांदोली येथे जवसाच्या तंतूचा दोरा मिळाला, तो त्यामुळेच.

हे दाणे मातीतून वेगळे काढण्याची रीत दिसण्यात अगदी साधी आहे. घराच्या जमिनीची, चुलीतील राखेची किंवा पेवाच्या तळाची माती मापून घ्यावी, कोणत्या थरातील व कोणत्या घरातील ते चिठ्ठीवर लिहावे, ती पाण्याने भरलेल्या पिंपात हळूहळू सोडून हाताने ढवळावी. खडे आणि खापऱ्या तळाला बसतात, आणि हलका कोळसा, तांदूळ धुताना कोंडा वर यावा तसा, पाण्यावर तरंगू लागतो. तो अर्ध्या मिलिमीटरहून बारीक जाळीच्या कापडावर ओतून घ्यायचा आणि सावलीत सुकवायचा, कारण उन्हात घाईने वाळविला तर दाणा तडकतो. या खटाटोपाने केवढा फरक पडतो, त्याचा दाखला इराणातील अली कोश येथे आहे. १९६१ च्या उत्खननानंतर तेथे वनस्पतींचे अवशेष विरळ आहेत असे खात्रीने लिहिले गेले होते. पुढे १९६३ साली त्याच टेकाडाची माती पाण्यात सोडली, तेव्हा ४०,००० हून अधिक बिया हाती आल्या आणि उत्खनकांनी आपले पूर्वीचे विधान मोकळ्या मनाने मागे घेतले. १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केल्यावर तिचा प्रसार झपाट्याने झाला. त्याच्या शंभर वर्षे आधी ओस्वाल्ड हेअर यांनी स्वित्झर्लंडच्या सरोवरांकाठच्या प्राचीन वस्त्यांतील धान्ये आणि फळे अभ्यासून या शास्त्राचा पाया घातला होता. परंतु तेथे चिखलाने सारे आयते जपून ठेवले होते, आपल्याकडे ते मातीतून सोडवून घ्यावे लागते.

यापुढचे काम सूक्ष्मदर्शकाखालचे. तेथे सातूचा, म्हणजे जवाचा, दाणा आपल्या कोनदार कडांनी ओळखू येतो आणि त्यातले काही दाणे एका बाजूला किंचित वळलेले असले, तर कणसात दाण्यांच्या सहा ओळी होत्या असे समजते. गहू त्याहून गोलसर आणि फुगीर पाठीचा असतो. मसूर भिंगाच्या आकाराची, लाख पाचरीसारखी, कुळीथ चपटा. दाण्याहूनही बोलका असतो त्याच्या देठाचा तुकडा, कारण रानटी गवताचे कणीस पिकले की आपोआप गळते आणि देठाचा व्रण गुळगुळीत राहतो, तर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या धान्याचा दाणा मळणीवाचून सुटत नाही आणि व्रण खडबडीत दिसतो. मिलिमीटरभर लांबीच्या त्या व्रणात माणसाच्या हजारो वर्षांच्या श्रमाची साक्ष असते.

इनामगावच्या दाण्यांचा हिशेब मांडला असता प्रमुख पीक सातूचे ठरते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ, मूग, उडीद, वाल, थोडासा तांदूळ, आणि रानातून वेचून आणलेली बोरे व शिंदीची फळे आहेत. ही नुसती यादी नव्हे. सातू, गहू, मसूर, वाटाणा आणि लाख ही पश्चिम आशियात प्रथम लागवडीस आलेली, थंडीत वाढणारी रब्बीची पिके. मूग, उडीद आणि कुळीथ ही याच उपखंडातील माणसांनी रानातून शेतात आणलेली पावसाळी पिके. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठचा शेतकरी खरीप आणि रब्बी असे दोन्ही हंगाम धरीत होता आणि दोन निराळ्या दिशांनी आलेल्या कृषिपरंपरा त्याच्या एका खळ्यावर एकत्र नांदत होत्या. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या प्रदेशात एका पिकावर सगळा भरवसा ठेवू नये, हे व्यवहारज्ञान त्यात स्पष्ट दिसते. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती लाख तर अवर्षणातही तग धरणारी. दुष्काळात तीच एक खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडतात, हे माहीत असूनही लोकांनी ती टाकली नाही, कारण बाकीचे सारे करपले तरी ती हाती येत असे.

गावातील एका मोठ्या घराला लागून पेवांची आणि कणग्यांसाठी केलेल्या गोल ओट्यांची एक वास्तू सापडली. ढवळीकरांनी ते मोठे घर गावच्या मुख्याचे मानले आणि लगतची वास्तू सार्वजनिक कोठार मानून, तेथे गावकऱ्यांकडून धान्यरूपाने वसूल गोळा होत असावा, असे अनुमान काढले. ते स्वीकारले, तर महसुलाची परंपरा महाराष्ट्रात लेखनाहून जुनी ठरते. हे अनुमान मला पटण्याजोगे वाटते.

उत्तर-जोर्वे काळात मात्र चित्र पालटते. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गव्हाचे प्रमाण घटते, काटक सातू टिकून राहतो आणि शिकार केलेल्या हरणांची हाडे वाढतात. हवा कोरडी होत गेली, शेती पिकेनाशी झाली आणि लोक अर्धभटके झाले, असा अन्वय ढवळीकरांनी लावला. तो इतका सुसंगत होता की बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत तो सिद्धवत् मांडला गेला. पण हवामानाची स्वतंत्र साक्ष काढली पाहिजे आणि ती आता महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभावरून, आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी, असे दोन दीर्घ अवर्षणाचे काळ संशोधकांनी २०१४ मध्ये मांडले. इनामगावची अवनती या दोहोंच्या मध्ये पडते. गाव वसण्यापूर्वीच दख्खनची हवा निमकोरडी झालेली होती, असे असेल तर अखेरच्या तीन शतकांचा सगळा दोष पावसाच्या माथी मारता येणार नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या बालकांच्या अस्थी तपासून २०११ च्या आपल्या ग्रंथात हवामानाच्या उपपत्तीवर प्रश्नचिन्ह उभे केले. त्या काळी मुलांची वाढ खुंटत होती हे अस्थी सांगतात, पण त्यामागे आकस्मिक अवर्षणच होते, असे त्या अस्थी सांगत नाहीत. ढवळीकरांचे निरीक्षण जसेच्या तसे उभे आहे; त्यांनी दिलेले कारण मात्र, माझ्या मते, अद्याप सिद्ध झालेले नाही.

अशी सावधगिरी दाण्यांच्या बाबतीतही लागते. गॉर्डन हिलमन यांनी तुर्कस्तानात आणि ग्लिनिस जोन्स यांनी ग्रीसमध्ये जुन्या पद्धतीने शेती करणाऱ्यांच्या खळ्यावर उभे राहून मळणी, उफणणी, चाळणे आणि निवडणे यांपैकी प्रत्येक पायरीला कोणते तण आणि कोणते भूस मागे राहते, ते नोंदविले. त्यामुळे एखाद्या घरात धान्य निवडून आले की कणसासकट, हे आता तणाच्या बियांवरून सांगता येते. १९८० च्या दशकात नाओमी मिलर यांनी दाखवून दिले की जेथे शेणाच्या गोवऱ्या जाळतात, तेथे चुलीतली पुष्कळ बी गुराच्या पोटातून आलेली असू शकते. ज्या महाराष्ट्रात गोवरीवाचून चूल पेटत नसे, तेथे हा इशारा विशेष ध्यानात ठेवावयास हवा. पालेभाज्या आणि कंद जळून सहसा टिकत नाहीत. म्हणून इनामगावच्या ताटात भाजी नव्हती, असे कोणी समजू नये.

आपल्याला सर्वांत जवळचा प्रश्न ज्वारी-बाजरीचा आहे. ही धान्ये मूळची आफ्रिकेतील. ती दख्खनमध्ये नक्की केव्हा आली, यावर वाद आहे. बारीक दाणा उंदरांच्या बिळांतून आणि मुंग्यांच्या वारुळांतून वरच्या थरातून खालच्या थरात सहज उतरतो, आणि मग नवे बी जुन्या काळाचे ठरते. म्हणून खुद्द एका दाण्याचीच किरणोत्सारी कार्बनपद्धतीने कालगणना झाल्याखेरीज असा दावा आता मान्य करू नये. ज्वारीची भाकरी ही महाराष्ट्राची सनातन ओळख, असे आपण गृहीत धरतो. इनामगावच्या चुलींची साक्ष काढली तर मुख्य धान्य म्हणून सातूच पुढे येतो.

हे सारे ज्या मातीत आहे, ती पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्यासाठी गावोगाव टेकाडे कोरून नेली जाते. प्रवरा, गोदावरी, तापी आणि भीमा यांच्या काठची कितीतरी टेकाडे अशी अर्धी-अधिक संपली आहेत. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेले नाही. पण ज्या वाचकांच्या गावी नदीकाठी पांढरीचे टेकाड आहे, रंगीत खापऱ्या वर येत आहेत, कडेला राखेचे काळे थर दिसत आहेत, त्यांनी ग्रामपंचायतीत शब्द टाकून ती खोदाई थांबवावी आणि पुरातत्त्व विभागास किंवा डेक्कन कॉलेजास लेखी कळवावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.