पाय दुखतोय, पण दाखवायचं कोणाला? दवाखान्याची वाट धरण्याआधी एवढं समजून घ्या

रात्री लाईट असली की मोटारीवर, सकाळी डेअरीवर दूध घालायला, दिवसभर कांदा लागवडीत आणि संध्याकाळी गोठ्यात. अशा दिवसात डॉक्टरसाठी वेळ काढायचा कुठून? ताप चढला तर माणूस आपोआप झोपतो, हात मोडला तर चार माणसं उचलून नेतात. पायदुखीचं तसं नसतं. ती अंथरुणाला खिळवत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी काम थांबवत नाही. ‘एवढी लागवड होऊ द्या, मग बघू’ म्हणता म्हणता कांदा काढणीला येतो आणि पाय दुखतच राहतो.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका कांदा उत्पादकाचंच बघा. वय पन्नाशीच्या आत. तळपायाची आग आणि पोटऱ्यांत ओढ सुरू झाली. आधी मेडिकलमधून गोळी आणली. मग मालीश झाली. मग इंजेक्शन घेतलं, दोन दिवस बरं वाटलं. तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला, तर हाड ठणठणीत. हाडांचे डॉक्टर ज्या वारी येतात, तो नेमका बाजाराचा वार. एक दिवस पाणी भरून घरी आले तर बायकोने विचारलं, ‘एक चप्पल कुठंय?’ चप्पल बांधावर चिखलात रुतून राहिली होती आणि पायाला पत्ताच नव्हता. शेवटी आशाताईंनी आग्रह केला म्हणून उपकेंद्रात गेले. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली, ती भरपूर वाढलेली. यात आठ महिने गेले होते. दुखत पाय होता, आजार रक्तातल्या साखरेचा होता.

इथे माणूस आळशी होता असं नाही. पाय दुखतो म्हणजे हाडाचंच काहीतरी असणार, हा समज नडला. पहिलं दार चुकलं की पुढचे हेलपाटे वाढतात, आणि शेतकऱ्याकडे हेलपाट्यांसाठीच वेळ नसतो.

दुखणं एक, कारणं अनेक

पाय कधी दुखतो आणि कसा दुखतो, यावरून कारणाचा बराच अंदाज येतो.

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत किंवा थेट पावलापर्यंत उतरत असेल, खोकलं किंवा वाकलं की वाढत असेल, तर बहुतेक वेळा मणक्याजवळ शीर दबलेली असते. दिवसभर वाकून लागवड, निंदणी करणाऱ्यांना आणि पोती उचलणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा आहे. यातले बरेच जण ऑपरेशनविना, काही आठवड्यांत बरे होतात.

उठताना, बसताना, पायऱ्या उतरताना गुडघा धरत असेल तर सांध्याची झीज असू शकते. मात्र सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडलेले राहत असतील, हाताच्या बोटांनाही सूज येत असेल, तर तो वेगळा, वाताचा आजार असू शकतो. त्याची औषधंही वेगळी असतात.

संध्याकाळी पाय जड होतात, शिरा निळ्या होऊन फुगतात, पाय वर करून झोपलं की बरं वाटतं. हा अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांचा दोष. दिवसभर एका जागी उभं राहणाऱ्यांना तो जास्त होतो. यासाठी सर्जनला दाखवायचं.

तळपायाची आग, मुंग्या, बधिरपणा, कापसावर चालल्यासारखं वाटणं, चप्पल निसटली तरी न कळणं. ही नसांची तक्रार. मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि दारू ही तिची नेहमीची कारणं. यासाठी हाडांचा नाही, फिजिशियन डॉक्टर लागतो.

चालताना ठराविक अंतरावर पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की मोकळी होते, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. याला थकवा समजू नका. पायाला रक्त नेणारी वाहिनी अरुंद झाल्याचं हे लक्षण आहे. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे जास्त दिसतं. दुर्लक्ष झालं तर बोट काळं पडतं, कधी पाय कापायची वेळ येते. बिडी सोडणं हा यातला पहिला उपचार. तो होत नसेल तर बाकीच्या औषधांचाही नीट उपयोग होत नाही.

यात लागवड संपायची वाट बघायची नाही

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. बाळंतपण, ऑपरेशन किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यानंतर हा धोका वाढतो. असा पाय अजिबात चोळायचा नाही, मालीश करायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करायचा.

पाय अचानक थंडगार, पांढरा किंवा निळा पडला, तर काही तासांतच तो वाचवावा लागतो. पाऊल उचलत नाही, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. मधुमेह्याच्या पायाची जखम आणि तापासोबत लाल होऊन सुजलेला पाय, या दोन्हींना उद्यावर टाकायचं नाही.

पहिलं दार कोणतं?

वरच्यापैकी काही नसेल, तर थेट मोठ्या शहरात तज्ज्ञ शोधत फिरायची गरज नाही. सुरुवात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणं हे तिथलं ठरलेलंच काम आहे. ज्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, तिथून ई-संजीवनीवर व्हिडिओद्वारे डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो. पाय हाडांच्या डॉक्टरला दाखवायचा की फिजिशियनला, एवढं जरी तिथे ठरलं तरी एक-दोन हेलपाटे वाचतात.

पुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि मग सिव्हिल, अशी साखळी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्यावं.

तज्ज्ञ कोणत्या वारी आणि किती वाजता बसतात, हे निघण्याआधी आशाताईंकडून किंवा फोनवरून विचारून घ्यावं. एसटीचं भाडं आणि रोज बुडवून गेल्यावर ‘साहेब आज नाहीत’ ऐकण्यापेक्षा हे बरं.

जाताना काय न्यायचं, काय सांगायचं

ओपीडीत डॉक्टरसमोर दोन-चार मिनिटंच मिळतात. ती ‘पाय लई दुखतो’ एवढ्यावर घालवू नयेत. पाच गोष्टी आधीच चिठ्ठीवर लिहून न्याव्यात: कधीपासून दुखतो, नेमका कुठून कुठपर्यंत, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली. साखर, बीपी, बिडी, तंबाखू, दारू काहीही लपवू नये. जुने कागद आणि एक्स-रे एकाच पिशवीत ठेवावेत. एक्स-रेत हाड दिसतं. शीर, नस किंवा रक्तवाहिनीतला अडथळा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

गोळीने दुखणं थांबतं, आजार नाही

दुखण्याची गोळी एक-दोन दिवस ठीक. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतली तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावर परिणाम होतो. बीपी, साखर असलेल्यांना हा धोका अधिक. ‘वातावरची’ म्हणून मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. त्याने एका रात्रीत पाय मोकळा होतो, पण साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. नाव न लिहिलेलं औषध घेऊच नये.

त्या कांदा उत्पादकाच्या साखरेवर आता गोळ्या चालू आहेत. पायाची आग कमी झाली, बधिरपणा मात्र पूर्ण गेलेला नाही. गेलेले आठ महिने परत येत नाहीत. आता रोज रात्री झोपताना ते दोन्ही तळवे बायकोला दाखवतात. काटा, फोड, भेग काही असेल तर पायाला कळत नाही, डोळ्यांना दिसतं. शेतात अनवाणी जाणं बंद केलंय आणि चप्पल बदलून पट्ट्याची सँडल घेतलीय.