गुलाबी फुलदाणीतील शिसे

चीनमधील जिंगदेझेन येथे अठराव्या शतकात घडलेल्या गुलाबी नक्षीच्या फुलदाण्या आज जगभरच्या संग्रहालयांत काचेआड जपून ठेवलेल्या असतात. चिनी लोक या शैलीला ‘फेन्त्साय’ म्हणतात. त्या गुलाबी पाकळ्यांमागचे रसायनशास्त्र डॉक्टरांच्याही कामाचे आहे.

अशी फुलदाणी दोनदा भाजली जाते. पहिल्यांदा सुमारे १३०० अंश सेल्सिअसला. त्या उष्णतेत पांढरी केओलिन माती आणि तिच्यावरची पारदर्शक झिलई एकजीव होतात. या झिलईला शिशाची गरज नसते. परंतु गुलाबी, पिवळा असे नाजूक रंग एवढ्या आचेत टिकत नाहीत. म्हणून शिसेयुक्त रंगीत काचेची पूड करून ती झिलईवर कुंचल्याने लावतात आणि भांडे पुन्हा ७०० ते ८०० अंशांना भाजतात. शिशामुळे काच कमी आचेवर वितळते, शिवाय चकाकते. गुलाबी छटा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची. दुधी पांढऱ्या रंगात तर शिशाबरोबर आर्सेनिकही असते!

मग अशी फुलदाणी घरात ठेवू नये का? खुशाल ठेवावी. शिसे काचेत बांधलेले असते. पाहिल्याने किंवा हात लावल्याने ते अंगात जात नाही. प्रश्न येतो तो त्याच रंगांनी आतून सजवलेल्या जुन्या वाडग्यांचा आणि ताटल्यांचा. चिंचेचे सार, लिंबू, ताक, व्हिनेगर यांतील आम्ल काचेतून शिसे हळूहळू बाहेर ओढते. पदार्थ गरम असेल, रात्रभर राहिला असेल, रंग झिजला असेल, तर अधिकच. म्हणूनच प्रयोगशाळेत अशा भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून पाझरलेले शिसे मोजतात. लोणच्याच्या जाड बरणीची गोष्ट वेगळी. ती चांगल्या आचेवर भाजलेली असली, तर तिच्या झिलईला शिसे लागत नाही.

कमी आचेवर भाजलेली, शिशाची झिलई दिलेली मातीची भांडी सर्वांत वाईट. कॅनडात अशा सुरईत ठेवलेला सफरचंदाचा रस पिऊन एक बालक दगावल्याची नोंद १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

मोठ्यांच्या आतड्यांतून पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान मुलांत जवळपास निम्मा. लोह किंवा कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत आणखी. पोटदुखी, बद्धकोष्ठता, पंडुरोग, चिडचिड ही लक्षणे इतकी नेहमीची आहेत, की शिशाचा संशयच येत नाही. मेंदूचे नुकसान तर लक्षणांवाचूनही होते. शंका असल्यास शिशासाठी रक्ततपासणी करता येते. उपचाराची पहिली पायरी म्हणजे ते भांडे वापरातून काढणे.

जुने रंगीत भांडे फुटले तर तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि उडालेला रंग पॉलिश पेपरने घासत बसू नये.