जुन्या लाल वाइनची परीक्षा

घरांत जुना तांदूळ आणि जुना गूळ यांचा मान मोठा असतो. तेव्हां लाल वाइनहि जितकी जुनी तितकी उंची, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु विठ्ठलवाडीच्या एखाद्या गृहस्थानें नाशिकहून आणलेली बाटली लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठीं म्हणून दहा वर्षें कपाटावर जपून ठेवली, तर त्या दिवशीं पाहुण्यांसमोर त्याला बहुधा ओशाळें व्हावें लागेल.

आपल्याकडे हा धंदा फार जुना नाहीं. नारायणगांवीं त्याचा आरंभ १९८० नंतरच्या दशकांत झाला, आणि नाशिकचा मोठा विस्तार तर १९९९ नंतरचा. आजोबांच्या काळची नाशिकची बाटली म्हणून कोणी कांहीं सांगूं लागल्यास तें ऐकून सोडून द्यावें.

लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालींतून येतो. तुरटपणा सालींतून व बियांतून. बाटलींत वर्षानुवर्षें हीं द्रव्यें एकमेकांस बिलगून जड होतात आणि तळाशीं साका बसतो. सुपारीसारखा जीभ आवळणारा तुरटपणा मग मऊ होतो. मात्र मुळांत तुरटपणा व आंबटपणा भरपूर असेल, आणि बाटली १२-१३ अंशांच्या गारव्यांत, अंधारांत, आडवी राहिली असेल, तरच हें घडतें. जगांतील बहुतेक लाल वाइन थोड्या वर्षांत पिण्यासाठींच केलेली असते. विठ्ठलवाडीस वैशाखांत पारा ३५ अंशांच्या वर जातो. तेथें कपाटावरची बाटली पिकत नाहीं, शिजते.

प्रथम बूच पाहावें. तें वर सरकलें असेल किंवा मानेवर ओघळ असेल, तर उष्णतेनें आपलें काम केलें असें समजावें. बाटली आदल्या दिवशीं उभी करून ठेवावी. मग दिव्यासमोर मान धरून हलक्या हातानें दुसऱ्या भांड्यांत ओतावी, आणि साका मानेशीं येतांच थांबावें. पेला तिसरा हिस्साच भरून पांढऱ्या कापडावर तिरपा धरावा. कोवळी वाइन जांभळट दिसते, वयांत आलेली कडेला विटकरी. सर्वत्र तपकिरी दिसली तर संशय घ्यावा.

खरी परीक्षा नाकाची. ताज्या फळांचा वास मागें पडून सुकीं अंजिरें, चामडें, तंबाखू, पावसानें भिजलेली माती यांची आठवण झाली, तर तें जुनेपणाचें वैभव होय. शिरक्याचा वास आला तर वाइन आंबली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर दोष बुचाचा. करपलेल्या मुरांब्याचा आला तर उन्हाळ्याचा. शेवटीं घोट तोंडांत घोळवावा. आंबटपणा जिवंत असावा, आणि घोट गेल्यावरहि चव रेंगाळावी. जाणकार पुष्कळदां घोट थुंकून टाकतात; एका बैठकींत अनेक नमुने तपासावयाचे, तर डोकें ठिकाणावर राहिलें पाहिजे!

फार जुनी वाइन हवा लागतांच लवकर विरते, म्हणून ती पाहुणे येण्याच्या पुष्कळ आधीं उघडूं नये. आंबलेली निघाली तर विषारी नसते, पण वाढण्यासारखीहि नसते. अशा वेळीं हाताशीं एक अलीकडची बाटली असावी.