बंद लखोटा

मुलगा नोकरीस लागला कीं घरची वडील मंडळी त्यास एक उपदेश हमखास करितात : ‘आपण बरें नि आपलें काम बरें.’ उपदेश मायेपोटीं असतो आणि बहुतेक दिवस तो पुरतोहि. पण एखादे दिवशीं त्याच मुलाच्या टेबलावर न झालेल्या कामाचें बिल येतें, आणि त्यावर सही त्याची हवी असते. सही करावी तर पापांत वांटा. न करावी तर वरिष्ठांचा रोष. आणि वाच्यता करावी तर पोटावर पाय. अशा वेळीं कायदा त्याच्या पाठीशीं कितपत उभा राहतो, हें घरांतील प्रत्येक जाणत्या माणसानें समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या देशांत या प्रश्नास तोंड फुटलें तें एका तरुण इंजिनियरच्या मृत्यूमुळें. सत्येंद्र दुबे हे बिहारांतील सिवान जिल्ह्याचे, कानपूरच्या प्रख्यात तंत्रशिक्षण संस्थेचे पदवीधर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणांत ते सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामावर असतां तेथील कामांत व व्यवहारांत त्यांना गैरप्रकार आढळले. त्यांनीं २००२ सालीं थेट पंतप्रधानांस पत्र लिहिलें व आपलें नांव गुप्त ठेवावें अशी विनंती केली. पत्र या कचेरींतून त्या कचेरींत फिरलें, आणि त्याबरोबर नांवहि फिरलें. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं पहाटे गया शहरांत त्यांचा गोळी घालून खून झाला. तपासयंत्रणेनें तो वाटमारीचा प्रकार ठरविला व २०१० सालीं तिघांस जन्मठेप झाली; घरच्या मंडळींना मात्र हा निष्कर्ष पटला नाहीं. खुनाचें कारण कांहींहि असो, ज्याचें नांव झांकावयाचें त्याचेंच नांव झांकलें गेलें नाहीं, हें निर्विवाद आहे.

विषय सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि एप्रिल २००४ मध्यें केंद्र सरकारनें ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचें काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोंपविलें. केंद्राचीं खातीं, केंद्राच्या मालकीच्या कंपन्या आणि सरकारी बँका यांतील भ्रष्टाचाराविषयीं या आयोगास लिहितां येतें. राज्य सरकारच्या नोकरवर्गाविषयींच्या तक्रारी मात्र या ठरावाच्या कक्षेंत येत नाहींत.

पद्धत नीट ध्यानांत घ्यावी. निनांवी पत्राची येथें दखल घेतली जात नाहीं; आंतील कागदावर नांव व पत्ता द्यावाच लागतो. लखोट्यावर मात्र तें घालावयाचें नाहीं. लखोटा पक्का बंद करून आयोगाच्या सचिवांकडे धाडावा, आणि ही तक्रार जनहितार्थ माहिती देण्याच्या ठरावाखालील आहे असें वर स्पष्ट लिहावें. ही एक ओळ राहिली तर पत्र सामान्य तक्रारींच्या गठ्ठ्यांत जातें आणि गुप्ततेचें कवच मिळत नाहीं. पत्राची पोंच येत नाहीं. तें हिताचेंच, कारण पोंचेचा कागदहि चहाडी करूं शकतो. तक्रारीपायीं कोणी छळूं लागल्यास आयोगाकडेच दाद मागतां येते.

परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. म्हणून २०१४ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा संमत केला. तक्रारदाराचें नांव फोडणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड त्यांत सांगितला आहे. तक्रारदारावर झालेली कारवाई सूडाची नव्हे, हें सिद्ध करण्याचें ओझेंहि खात्यावरच टाकलें आहे. उलट, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यासहि २ वर्षांपर्यंत कैद आहे. एवढी तरतूद झाली. पण संमत होऊन दहा वर्षें उलटलीं तरी हा कायदा अमलांत आणणारी अधिसूचना निघाली नव्हती. पानें वाढलीं, पण ‘बसा’ म्हणणारें कोणी नाहीं, तशांतली ही गत! तोंवर भिस्त जुन्या ठरावावरच राहिली.

खासगी नोकरींतील माणसास २०१३ च्या कंपनी कायद्याचा थोडा आधार आहे. ज्या कंपन्यांचे शेअर बाजारांत नोंदलेले आहेत, ज्या लोकांच्या ठेवी घेतात, किंवा ज्यांचें बँकांचें व वित्तसंस्थांचें कर्ज ५० कोटींहून अधिक आहे, त्यांना अशा तक्रारींची सोय ठेवावीच लागते, आणि विशेष प्रसंगीं नोकरास हिशेबतपासणी समितीच्या अध्यक्षांकडे थेट जातां येतें. लहान पेढीवरच्या कारकुनास ही सोय नाहीं. नोकरी करणाऱ्या लेकीसुनांनीं २०१३ चाच दुसरा कायदा ध्यानांत ठेवावा. कामाच्या जागीं स्त्रीची छेड झाल्यास तो लागू होतो. चौकशी चालूं असतां तिला बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागतां येते. आणि केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तिला शिक्षा होत नाहीं.

कायद्याची मजल ही एवढी. पुढचें काम घराचें. भरल्या घरांत गोष्ट चटकन् ओसरीवर येते. कौतुकानें पाहुण्यास सांगितली जाते. आणि आयोगानें झांकलेलें नांव लग्नाच्या मांडवांत फुटतें. तेव्हां लखोट्याइतकेंच घरानेंहि तोंड बंद ठेवावें. दुसरी गोष्ट याहून मोठी. तरुण माणूस खोट्यापुढें मान तुकवितो तो पुष्कळदां भित्रेपणानें नव्हे, तर घरचीं खाणारीं तोंडें आठवून. नोकरी गेली तरी चूल विझणार नाहीं, हा भरंवसा कोणताहि कायदा देऊं शकत नाहीं. चार हात मिळविणारें एकत्र कुटुंब तो देऊं शकतें.

म्हणून वडील मंडळींनीं जुना उपदेश थोडा बदलावा : ‘डोळ्यांनीं पाहिलेंस तेवढेंच लिही, तारखा व आंकडे घालून लिही, लखोटा नीट बंद कर, आणि घरची काळजी करूं नको.’