रुमालाखालची बेडी

मराठी वर्तमानपत्रांत कुणाला साधी अटक होतच नाही. लाचखोर तलाठी असो, फरार बिल्डर असो की दुचाकीचोर, मथळा ठरलेला: ‘बेड्या ठोकल्या’. प्रत्यक्षात त्या तलाठ्याच्या मनगटाला लोखंड लागलेलंही नसतं. क्रियापद तर त्याहून जुनं. तुरुंगातल्या पायबेड्या लोहार घण मारून पक्क्या करी, म्हणून ‘ठोकणं’. पुढे हातकडीला चावी आली, लोहार घरी गेला, ठोकणं तेवढं मागे राहिलं.

१ जुलै २०२४ पासून या मथळ्याला कायद्याचं बळ मिळालं. दंड प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३ आहे, त्याचं पोटकलम तीन. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रं, खून, बलात्कार, अ‍ॅसिडहल्ला अशी यादी देऊन अटक करताना आणि कोर्टात हजर करताना हातकडी वापरायची मुभा त्यात दिली आहे. जुन्या संहितेत हातकडीसाठी वेगळं कलमच नव्हतं. पळून जाऊ नये एवढ्यापुरताच बंदोबस्त करावा, त्याहून जास्त नको, इतकं बोलून ती थांबत असे. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी बाकांवरचे दीडशेच्या आसपास खासदार निलंबित असताना नवी संहिता संसदेत मंजूर झाली. चार दशकांपूर्वी तिहारमधून निघालेल्या एका तारेची त्या दिवशी कुणाला आठवण झाली असेल, असं वाटत नाही.

त्या तारेआधीचा काळ दोन-तीन वाक्यांत उरकता येतो. इंग्रजांच्या पोलीस नियमावल्या स्वातंत्र्यानंतरही तशाच चालू राहिल्या. दिल्लीला लागू असलेल्या पंजाबच्या नियमांत तर कच्च्या कैद्यांची प्रतवारी होती. शिक्षण, प्रतिष्ठा आणि राहणीमान बरं असेल तर बेडी गरजेपुरती, बाकीच्यांना सरसकट.

प्रेमशंकर शुक्ला नावाच्या कच्च्या कैद्याने तिहारमधून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तार केली: कोर्टाने बजावूनही आम्हाला बेड्या घालतात. त्या तारेलाच याचिका मानून २९ एप्रिल १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. हे गृहस्थ १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात गृह आणि तुरुंग खातं सांभाळून आलेले, आणि त्याआधी स्वतः तुरुंगाची हवा खाल्लेले. पोलिसाची अडचण आणि कैद्याचं मनगट ही दोन्ही टोकं त्यांनी पाहिली होती. बेडी हा सकृद्दर्शनी अमानुष प्रकार आहे. पळून जाण्याचा खरा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हाच ती वापरावी, कारण लेखी नोंदवावं आणि न्यायाधीशाची मंजुरी घ्यावी, असं त्यांनी ठरवून दिलं. प्रतवारीही मोडीत काढली. श्रीमंताचं मनगट आणि गरिबाचं मनगट असा भेद घटनेत बसत नाही, हा त्या निकालाचा खरा कणा होता.

निकाल दिल्लीत लागला. तालुक्याला काय चाललं होतं?

ऐंशीच्या दशकात ज्यांनी तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात तारखांमागून तारखा काढल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र अजून असेल. एसटीच्या मागच्या बाकावरून दोन कच्चे कैदी उतरत. बेडी एकच, याचा उजवा हात आणि त्याचा डावा. बेडीला दोर, दोराचं टोक हवालदाराच्या मुठीत. लोखंडावर चौकड्यांचा रुमाल टाकलेला, जणू दोघं मिळून एखादं पाखरू धरून चालले आहेत. चहा आला की एकाने ग्लास उचलायचा आणि दुसऱ्याने आपला हात त्याच्या तोंडापर्यंत न्यायचा. लघवीला एकाला लागली तरी जायचं दोघांनी. वरच्या कोर्टाने काय सांगितलंय हे तिथल्या वकिलांना माहीत असे, मॅजिस्ट्रेटसाहेबांनाही. रुमाल बाजूला कर, असं साहेब क्वचितच म्हणत.

हवालदाराला एकट्याला दोष देणं सोपं आहे. सरकारी गाडी नाही, दोन कैद्यांमागे एक माणूस, स्टँडवर ही गर्दी. कैदी निसटला तर निलंबन ठरलेलं. शिवाय भारतीय दंड विधानाच्या कलम २२३ खाली हलगर्जीपणाबद्दल स्वतःवरच गुन्हा, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा. बेडी हा त्याच्या नोकरीचा विमा होता. गाड्या द्यायच्या, माणसं वाढवायची हे काम सरकारचं. ते न करता निकालाची प्रत तेवढी खाली धाडली गेली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पत्रं आणि याचिका एकामागून एक दिल्लीला पोहोचत राहिल्या, आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. बेडी पडलेल्यांत पळून जाण्याची शक्यता सर्वांत कमी असलेली माणसंच पुढे होती. १९८८ मध्ये एक वकील, तिहारमधून कोर्टात नेताना. १९९० मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातले किसान आदिवासी संघटनेचे सुनील आणि राजनारायण. शाळेला मास्तर द्या म्हणून धरणं धरलेले. सुनील म्हणजे जेएनयूत अर्थशास्त्र शिकून केसल्याच्या आदिवासींत जाऊन राहिलेला माणूस. या दोघांनी जामीन नाकारला होता. जो हट्टाने तुरुंगात जातो, तो वाटेत पळेल कशाला? न्यायालयाने त्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं. सुनील २०१४ मध्ये गेले.

नर्मदेच्या अलीकडे आपला नंदुरबार, पलीकडे अलिराजपूर. तिथल्या खेडूत मजदूर चेतना संगठच्या कार्यकर्त्यांनाही बेड्या घालून फिरवलं गेलं. १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांबरोबर मॅजिस्ट्रेटलाही धारेवर धरलं: समोर बेडीतला माणूस उभा असताना तुम्ही बघत बसलात? व्हरांड्यातल्या त्या रुमालाकडे वरून पडलेली ही पहिली नजर म्हणायची.

महाराष्ट्रालाही यात मानाचं पान मिळालंच. सोलापुरात एका कच्च्या कैद्याला हातकडी आणि दोर लावून रस्त्यांतून फिरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने दहा हजार रुपये भरपाई ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ती कायम केली. फक्त पैसे निरीक्षकाच्या खिशातून न जाता सरकारी तिजोरीतून जावेत, असं म्हटलं. धिंड काढली साहेबांनी आणि दंड भरला सोलापूरकरांनी.

त्याच वर्षी नडियादचा निकाल आला. २५ सप्टेंबर १९८९ रोजी गुजरातेत तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यालाच पोलिसांनी ठाण्यात बोलावून मारहाण केली, जबरदस्तीने दारू पाजली, बेडी घालून जाड दोराने बांधलं आणि तशा अवस्थेत इस्पितळात नेलं. फोटो छापून आले. देशभरच्या न्यायाधीशांच्या संघटना खवळून उठल्या आणि निरीक्षकाला सहा महिन्यांची कैद झाली. हे योग्यच झालं. पण त्या निकालात न्यायिक अधिकाऱ्याला अटक करताना काय काय पाळावं याची नियमावली आली, आणि न्यायिक अधिकाऱ्याला बेडी घालू नये हे त्यात स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. अकरा वर्षांपूर्वी दारातून हाकललेली प्रतवारी मागच्या खिडकीतून आत आली, तीही कोर्टाच्याच हाताने. शाळेला मास्तर मागणाऱ्यांसाठी अशी वेगळी नियमावली कुणी लिहिली नाही.

मे १९९५ मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्रावर आलेला निकाल म्हणजे या मालिकेतली शेवटची मोठी नोंद. गुवाहाटीच्या इस्पितळात ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालचे सात स्थानबद्ध त्यांना खाटांना हातकड्यांनी आणि दोरांनी बांधलेले दिसले होते. खिडक्यांना गज, दाराला कुलूप, बाहेर बंदुका, आणि आत आजारी माणूस पलंगाच्या नळीला जखडलेला. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय बेडी घातली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असं न्यायालयाने बजावलं.

मग पंचवीस-तीस वर्षं परिपत्रकं निघत राहिली, बेड्या कधी निघत, कधी लागत. नोंद घ्यावी असं एक प्रकरण आपल्या सीमेलगतचं: चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला चेक न वटल्याच्या खटल्यातल्या वॉरंटवर बेडी घालून फिरवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने २०२२ मध्ये दोन लाखांची भरपाई दिली आणि अटक करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावायला सांगितलं.

नव्या कलमाचा मूळ मसुदा ऑगस्ट २०२३ मध्ये मांडला गेला तेव्हा त्या यादीत आर्थिक गुन्हेही होते. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक ब्रिजलाल यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ते वगळायला सुचवलं आणि ते वगळले गेले. आर्थिक गुन्ह्यांत फार मोठा पल्ला येतो, हे समितीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण परिणाम पाहा: पतसंस्था बुडवून हजारो ठेवीदारांना रस्त्यावर आणणारा त्या यादीत नाही, आणि तिसऱ्यांदा सापडलेला भंगारचोर ‘सराईत’ म्हणून आहे. पंजाबच्या जुन्या नियमावलीतला बरा वर्ग तो हाच.

अटकच न झालेल्यांचं काय, हा प्रश्न तर यादीच्या बाहेरच राहिला. अमेरिकेत त्याचं उत्तर सरळ देऊन टाकलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत १९९८ मध्ये एका घराची झडती चालू असताना, जिच्यावर कसलाही संशय नव्हता अशा बाईला दोन-तीन तास हातकडी घालून गॅरेजमध्ये बसवलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते रास्त ठरवलं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला लष्करी विमानातून १०४ भारतीय परत आले, अनेकांच्या हातापायांत बेड्या. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, अमेरिकेची ही कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे. विरोधी खासदार संसदेबाहेर हातकड्या घालून उभे राहिले. अमृतसरच्या विमानावर ओरडणं सोपं होतं. ती बेडी परक्याची होती.

आपल्याकडे अटक आणि मोकळीक यांच्या मधल्या गल्लीचं नाव ‘ताब्यात’. चौकशीसाठी ताब्यात, खबरदारी म्हणून ताब्यात, मंत्री येणार म्हणून ताब्यात. नवं कलम अटकेबद्दल आणि कोर्टातल्या हजेरीबद्दल बोलतं; या गल्लीत बेडी घालायची मुभा ते देत नाही. गल्लीत जे होतं ते मात्र हल्ली मोबाइलवर दिसतं. गाड्या फोडणाऱ्या, कोयते नाचवणाऱ्या पोरांना दोर लावून त्यांच्याच वस्तीतून चालवायचं, त्यावर ढोलाचं संगीत चढवायचं आणि शेवटी हात जोडून माफी मागायला लावायची. खाली टाळ्यांचा पाऊस. चौकड्यांचा रुमाल आता लागत नाही, उलट कॅमेरा जवळ नेला जातो. त्यांतल्या कुणाला पुढे अटक होते. कुणाची रवानगी संध्याकाळी घरी होते, आणि त्याच्यापुरती स्टेशन डायरीत नोंद पडते: ‘ताब्यात घेऊन, समज देऊन सोडण्यात आले.’