यंत्र आलं, पण विचारायचं कोणाला?

कसारा लोकलने खर्डी सोडलं की उंबरमाळी येतं. या शहापूर-मुरबाड पट्ट्यात स्वयंसेवी संस्थांनी टॅब, अ‍ॅप, व्हिडिओ दिले म्हणजे शिकवण्याचं काम झालं का? आज आपण हाच प्रश्न घेऊ. सुरुवात मात्र पाटी-पेन्सिलीच्या शाळेपासून करू.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची तिला साथ मिळाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. आता बघा, घरी त्यांचा अभ्यास कोण घेतं? नातवंडं! आणि वर्गात शेजारी कोण? गावातलीच मैत्रीण. चुकलं तर हसणारी तीच आणि दाखवून देणारीही तीच. मोठ्या वयात अक्षरापेक्षा लाज जास्त आडवी येते. 'मला येत नाही' हे बरोबरीच्या माणसाजवळ सहज म्हणता येतं. एकमेकांकडून शिकण्याची ताकद इथे आहे.

आता शहापूर तालुक्यातलं पष्टेपाडा घेऊ. तिथे संदीप गुंड या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत टॅब आणले आणि त्यांच्यासाठी सौरऊर्जेची सोयही केली. म्हणजे टॅबबरोबर त्याच्या चार्जिंगचा विचार आला. तो झाला नाही, की महागाचं यंत्र कपाटात जातं.

मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. गावातल्या मुलांच्या छोट्या गटाला मिळून एक टॅब. एकाला कळलं की तो दुसऱ्याला सांगतो, भांडतोसुद्धा, आणि त्या भांडणात दोघंही शिकतात. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना काय वाचता येतं ते बघून करायचे, ही 'प्रथम'ची पद्धत पुढे झांबियासारख्या आफ्रिकी देशांतही गेली. तिथे आपली पुस्तकं चालणार नव्हती, पद्धत चालली.

पण मंडळी, खरी कसोटी वर्गाबाहेर आहे. आजीबाई सही शिकली, अंगठ्याची लाज गेली. आता रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र पुन्हा अंगठाच मागतं! अंगठा द्यायला हरकत नाही. पण पावतीवर किती किलो छापलंय, ते तिला वाचता आलं पाहिजे. बँकेचा मेसेज वाचायला फोन दुसऱ्याच्या हातात दिला, की ओटीपीही त्याच्याच हातात जातो. न वाचणाऱ्या माणसाला तंत्रज्ञान जास्त परावलंबी करू शकतं, ते असं.

म्हणून कुठलीही संस्था यंत्र घेऊन आली, की आपण तीन प्रश्न विचारूया. रात्री काही अडलं तर गावातल्या गावात कोणाला विचारायचं? चार्जिंग आणि दुरुस्ती कोण बघणार? आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर, आज शिकलेली बाई उद्या दुसरीला शिकवू शकेल का?

जाता जाता एक गृहपाठ. कोणी मावशी फोन पुढे करून म्हणाली, 'बाळा, काय लिहिलंय बघ', तर वाचून फोन परत देऊ नका. शेजारी बसा, आकड्यावर तिचं बोट ठेवा आणि तिलाच वाचू द्या. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू देत.